उपाशीपोटी आलेली माणसं

आमच्या लॅबमध्ये सकाळी सात ते दहा ही उपाशीपोटी येणाऱ्यांची वेळ. बाकावर बायका जास्त दिसतात. पुरुष येतात, पण त्यांची फाईल त्यांच्या हातात नसते. ती बायकोच्या नाहीतर लेकीच्या पिशवीत असते, आणि कुठली गोळी चालू आहे असं विचारलं की ते तिच्या तोंडाकडं बघतात. मी सांगलीत बरीच वर्षं रक्त-लघवी तपासणीचं काम करते. माहेर तासगाव तालुक्यात, सावळजच्या बाजूला, द्राक्षबागायतदारांचं. त्यामुळं समोर बाही सारून बसलेला माणूस कुठून आलाय हे पुष्कळदा त्याच्या हातावरूनच कळतं. नखांच्या कडांत मोरचुदाचा निळसर रंग मुरलेला, कोपरापर्यंत रापलेलं आणि त्याच्या वर एकदम उजळ कातडं. शीर शोधायला त्रास पडत नाही, बोटाला लगेच लागते.

ही माणसं साधारण तीन कारणांनी येतात. विम्याची पॉलिसी काढायची असते, किंवा पुण्याला नोकरीला असलेल्या मुलानं मोबाईलवरून पॅकेज बुक केलेलं असतं, नाहीतर कुठल्यातरी डॉक्टरांनी आधीच काहीतरी पकडलेलं असतं. चाळिशी आली, सगळं ठीक आहे ना एवढं बघून घेऊ, म्हणून आपणहून आलेला पुरुष माझ्या पाहण्यात फार कमी.

"मला काय झालंय? धडधाकट हाय की मी." हे वाक्य रोज कानावर पडतं. त्याला हट्टीपणा म्हणून सोडून देणं मला पटत नाही, कारण त्यामागं एक हिशेब आहे. काम थांबलं की आजार, काम चालू आहे तोवर तब्येत ठीक. ताप आला, कंबर धरली, हात मोडला की काम थांबतं, मग दवाखाना. 170 वर गेलेलं बीपी छाटणी थांबवत नाही. वाढलेली शुगर ट्रॅक्टर चालवू देते. जे दुखत नाही ते नाहीच, असा हा हिशेब. मात्र तो त्यांना शेतीनं शिकवलेला नाही, एवढं मी द्राक्षवाल्याच्या घरात वाढल्यामुळं खात्रीनं सांगू शकते.

माझ्या दादाची बाग बघा. एप्रिल छाटणी झाली की पंचेचाळीस दिवसांच्या आसपास तो काडीवरच्या पाचव्या पानाचे देठ गोळा करतो आणि परीक्षणाला पाठवतो. वेल त्या वेळी हिरवीगार असते, बघणाऱ्याला कसलीही खोट दिसत नाही. तरी पाठवतो, कारण पानावर कमतरता दिसायची वाट बघत बसलं तर काडीत घड तयार व्हायची वेळ निघून गेलेली असते. माती वेगळी तपासतो, पाणी वेगळं तपासतो. युरोपला माल जायचा तर ग्रेपनेट या निर्यातीच्या सरकारी नोंदणीत बागेची नोंद, आणि काढणीआधी मण्यात औषधाचा अंश किती उरलाय याची तपासणी. हे सगळे रिपोर्ट कपाटात सालवार लावलेले असतात. त्या कपाटात त्याच्या स्वतःच्या नावाचा एकही कागद नव्हता. मी म्हटलं, "दादा, देठ तपासतोस तसं तुझंही बघू या की एकदा." तर म्हणाला, "वेलीला पीक असतंय गं. माझं कसलं पीक?"

त्याच्या दोन मुली शिकतायत. सोसायटीचं कर्ज त्याच्या नावावर आहे. आईच्या गोळ्या तोच आणतो, आणि डाऊनी या वेलीवरच्या रोगाला कोणतं औषध कधी मारायचं हे घरात त्याच्याशिवाय कुणाला ठरवता येत नाही. हे सगळं ज्याच्या एकट्याच्या जिवावर उभं आहे, त्यानं स्वतःला पिकात धरू नये, याचं मला अजून वाईट वाटतं.

आपल्याकडच्या पुरुषांना तर थांबायला वेळही कमी आहे. 52 देशांत झालेल्या 'इंटरहार्ट' नावाच्या मोठ्या अभ्यासातलं दक्षिण आशियाबद्दलचं विश्लेषण 2007 साली प्रसिद्ध झालं. त्यात पहिल्या हार्ट अटॅकचं सरासरी वय भारत आणि शेजारच्या देशांत 53 निघालं, तर इतर देशांत जवळजवळ 59. त्रेपन्न वर्षांचा माणूस म्हणजे आमच्याकडं मुलगी लग्नाची, मुलगा नुकता डिप्लोमा होऊन कुपवाडच्या एमआयडीसीत चिकटलेला, आणि घराचं वरच्या मजल्याचं बांधकाम अर्ध्यावर. त्याच अभ्यासानं हेही दाखवलं, की एवढ्या लवकर अटॅक येण्यामागं कुठलंही गूढ नाही. तंबाखू, बीपी, शुगर, रक्तातली चरबी, पोटाचा घेर, व्यायामाचा आणि भाज्या-फळांचा अभाव, मनावरचा ताण, हीच सर्वांना माहीत असलेली कारणं आपल्याकडं कमी वयात जमा होतात. यातली बहुतेक सुई न टोचता कळतात.

बीपीचंच घ्या. सगळ्यांत स्वस्त तपासणी, आणि सगळ्यांत वाईट केली जाणारीही. माणूस जिना चढून येतो, खुर्चीत टेकतो न टेकतो तोच शर्टाच्या बाहीवरून पट्टा गुंडाळला जातो. हात अधांतरी, गालात तंबाखू, आणि तोंडानं गावाकडच्या पावसाची गोष्ट चालू. असा आलेला आकडा त्याचा नसतोच. पाच मिनिटं गप्प बसायला हवं, पाठ टेकलेली, दोन्ही पाय जमिनीवर, हात छातीच्या पातळीला टेबलावर ठेवलेला, पट्टा उघड्या दंडावर. आधी अर्धा तास चहा नको, बिडी नको, तंबाखू नको. लघवीला लागली असेल तर आधी जाऊन यावं. मग एक-दोन मिनिटांच्या अंतरानं दोनदा मोजायचं. पहिल्या खेपेला दोन्ही हातांवर बघायचं, कारण कधी कधी दोन हातांत फरक निघतो. वेगवेगळ्या दिवशी असं नीट मोजूनही वरचं 140 किंवा खालचं 90, नाहीतर त्याच्याही वर येत राहिलं तर डॉक्टर उच्च रक्तदाब म्हणतात. एका दिवसाच्या आकड्यावर कुणी घाबरू नये, आणि एका दिवसाच्या चांगल्या आकड्यावर कुणी सुटलो असंही समजू नये. अठरा वर्षांवरच्या प्रत्येकानं हे मोजलेलं असावं. आमच्याकडं पन्नाशीतले कितीतरी पुरुष असे भेटतात की त्यांच्या दंडाला आजवर पट्टा लागलेला नसतो.

कमरेचा घेर मोजायला शिंप्याची टेप पुरते. पॅंटचा नंबर सांगून भागत नाही, कारण पॅंट पोटाच्या खाली बांधलेली असते. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरायची, श्वास सोडलेला असताना. भारतीय पुरुषांसाठी 90 सेंटिमीटर ही रेघ मानतात. हातपाय काटकुळे आणि पोट तेवढं पुढं, अशी अंगकाठी आपल्याकडं भरपूर. वजनकाट्यावर तो माणूस ठीक दिसतो आणि टेपवर सापडतो.

शुगरच्या बाबतीत उपाशीपोटाची अट फार माणसं परत पाठवते. शेतकरी पाचला उठतो, धारा काढतो, चहा पितो. नऊला गाडीनं सांगलीत उतरतो आणि मी विचारलं की म्हणतो, "चहा झालाय की हो, मग परत कवा तरी." तो 'कवा' येत नाही. म्हणून मी मुद्दाम सांगते, एचबीएवनसी या तपासणीला उपाशी राहावं लागत नाही. तांबड्या पेशी साधारण 120 दिवस जगतात. त्यांच्यातल्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली यावरून मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. 5.7 च्या आत ठीक, 6.5 आणि वर मधुमेह, मधल्या पट्ट्यात असाल तर अजून हातात बरंच काही आहे. रक्त फार कमी असेल तर हा आकडा फसवतो, तेवढं डॉक्टरांनी लक्षात घ्यायचं. उपाशीपोटीच करायची ठरवली तर 100 च्या आत ठीक आणि 126 आणि वर मधुमेह, हेही दुसऱ्या दिवशी पुन्हा करून पक्कं करतात. आणि उपाशी म्हणजे उपाशी. "काय खाल्लं नाही, निस्ता बार भरलाय" असं सांगणारे रोज भेटतात.

आता पॅकेजबद्दल लिहिते. मी लॅबमध्येच काम करते, पॅकेजवर लॅबा चालतात हे मला ठाऊक आहे, तरीही लिहिते. 'फुल बॉडी चेकअप, 80 तपासण्या' अशी जाहिरात बघून माणसाला वाटतं, शरीराचा कोपरा न् कोपरा तपासला. त्यात जांभळ्या टोपणाच्या एका छोट्या ट्यूबमधून होणारी सीबीसी असते. हिमोग्लोबिन, पेशींची संख्या, त्यांचा आकार, पांढऱ्या पेशींचे पाच प्रकार, प्लेटलेट असे त्या एकाच तपासणीचे वीसेक आकडे निघतात आणि प्रत्येक आकडा 'एक तपासणी' म्हणून मोजला जातो. यकृताचे आकडे असेच, थायरॉईडचे असेच. ऐंशीचा भरणा असा होतो. या ऐंशीत बीपी नसतं. तंबाखू खाता का, हा प्रश्न नसतो. तोंडात कुणी बघत नाही.

शिवाय रिपोर्टवर ठळक छापून येणाऱ्या आकड्यांचं एक गणित आहे, ते लोकांना कुणी सांगत नाही. 'नॉर्मल रेंज' बहुतेक तपासण्यांत अशी ठरवलेली असते की निरोगी माणसांपैकी 95 टक्के तिच्यात बसावेत. म्हणजे शंभर धडधाकट माणसांतली पाच जण कुठलाही आजार नसताना त्या रेंजच्या बाहेर पडणार. एकमेकांशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या एका निरोगी माणसाच्या केल्या, तर त्यातली एखादी तरी ठळक येण्याची शक्यता 64 टक्क्यांच्या आसपास जाते. तो एक ठळक आकडा घेऊन माणूस रात्रभर मोबाईलवर शोधत बसतो, आणि त्याच कागदावरची 6.3 ची एचबीएवनसी कुणाच्या नजरेत येत नाही.

डेन्मार्कच्या संशोधकांनी 'कॉक्रेन' या संस्थेसाठी सरसकट हेल्थ चेकअपवर झालेल्या अभ्यासांचा आढावा घेतला. 2019 च्या आवृत्तीत अडीच लाखांच्या वर माणसांची माहिती आहे. निष्कर्ष असा, की लक्षणं नसलेल्या सगळ्यांना बोलावून सगळं तपासत सुटल्यानं मृत्यू कमी झाले नाहीत. हे वाचून पुष्कळ जण म्हणतील, मग झालं, तपासायलाच नको. मला त्यातून वेगळं दिसतं. ते अभ्यास बहुतेक अशा देशांतले, जिथं डॉक्टर एरवीही माणसाचं बीपी मोजतच असतात. आमच्याकडं पन्नाशीपर्यंत पट्टाच लागत नाही. आणि तपासणी कोणाची, कशाची, त्यानंतर कोण काय करणार, हे ठरवून केलेलं काम वेगळं.

त्याचं सगळ्यांत ठळक उदाहरण आपल्याच देशातलं, केरळातलं. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन नुसत्या उजेडात लोकांची तोंडं बघितली. महागडं यंत्र नाही, रक्त नाही. 2005 साली त्याचे निकाल आले: तंबाखू-दारू घेणाऱ्यांत तोंडाच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं कमी झाले होते. भारतीय पुरुषांत तोंडाचा कॅन्सर पहिल्या रांगेत आहे. महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे, आणि तरी आमच्या पट्ट्यात मावा, मळलेली तंबाखू, सुपारी कुठं नाही? गालाच्या आत पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवडे झाले तरी न भरणारी जखम, तिखट लागलं की आग, आणि हळूहळू कमी कमी उघडणारं तोंड, ही लक्षणं दिसायला आरसा आणि टॉर्च पुरते. आपलीच तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का, एवढं बघावं. माझ्यासमोर बसलेल्या एका दादांची दोनच जात होती. त्यांना वाटत होतं, वयानं जबडा आखडलाय. वय छत्तीस. मी डॉक्टर नाही, मी फक्त त्यांना सांगलीतल्या डेंटल कॉलेजची वाट सांगितली आणि त्यांची बायको बाहेर बाकावर होती तिलाही सांगितली. सुपारीनं तोंडाचं आतलं अस्तर घट्ट होत जातं, त्याला डॉक्टरांकडं नाव आहे, उपचार आहेत, आणि त्याच्यावर लक्ष ठेवावं लागतं कारण पुढं तिथं कॅन्सर होऊ शकतो.

यंत्रात न मावणारी आणखी एक तपासणी म्हणजे घराण्याचा इतिहास. फॉर्मवर 'वडिलांना हृदयविकार?' असा रकाना असतो आणि त्यापुढं 'नाही' असं लिहिलेलं असतं. मी सुई लावायच्या आधी तोंडी विचारते.

"वडील आहेत का?"

"न्हाई, गेले. मी दहावीत होतो."

"कशानं?"

"कशानं म्हंजे, बसल्या जागी गेले. म्हातारेच होते तसे."

"वय किती असेल?"

वय माहीत नसतं. मग आम्ही मोजतो. बहात्तरच्या दुष्काळात ते रोजगार हमीवर खडी फोडायला जायचे, तेव्हा तीस वर्षांचे होते असं आजी सांगायची. हा त्र्याण्णव साली दहावीत. म्हणजे वडील एक्कावन्नाव्या वर्षी गेले. समोरचा गप्प होतो. तो स्वतः अठ्ठेचाळीसचा असतो, आणि त्याच्या आठवणीतला म्हातारा त्याच्यापेक्षा तीनच वर्षांनी मोठा निघतो. बापाला किंवा भावाला पंचावन्नच्या आत, आईला किंवा बहिणीला पासष्टच्या आत अटॅक आला असेल, तर डॉक्टर त्या माणसाचं कोलेस्टेरॉल वेगळ्या नजरेनं बघतात. पन्नास वर्षांमागच्या त्या गोष्टी फक्त घरातल्या म्हाताऱ्या बायकांना माहीत असतात, आणि त्यांना कुणी विचारत नाही. आजी आहे तोवर तिला विचारून घ्यावं: कोण कशानं गेलं, किती वर्षांचं असताना.

पुरुषांना तपासणीचं वावडं आहे असं जे म्हणतात ते मला मान्य नाही, याचं कारण माझे मामा. ते साताऱ्याकडचे, अपशिंगे मिलिटरीच्या बाजूचे, फौजेतून निवृत्त झालेले. नोकरीत असताना दरवर्षी मेडिकल. तिथं 'शेप' म्हणतात. एस म्हणजे मानसिक क्षमता, एच ऐकणं, ए हातपाय, पी शारीरिक क्षमता, ई नजर. पाचही ठिकाणी एक नंबर आला की 'शेप-वन'. मामा ते अभिमानानं सांगायचे. पेन्शनवर आले आणि बोलावणारं कुणी राहिलं नाही. माजी सैनिकांसाठी 2003 पासून ईसीएचएस ही उपचारांची योजना आहे, कार्ड त्यांच्याकडं आहे, पण जायचं ते काही झालं तरच. वीस-बावीस वर्षं जो माणूस बोलावल्याबरोबर रांगेत उभा राहिला, त्याला गावात आल्यावर 'चला, तुमची पाळी' असं म्हणणारं कोणी भेटलं नाही.

मामांनीच दुसरी गोष्ट सांगितली. तब्येतीची खालची कॅटेगरी लागेल, बढती अडेल या भीतीनं काही जवान मेडिकलच्या आधी बीपी उतरवायचे उपाय शोधायचे. इकडं कारखान्यातल्या तपासणीतही हेच होतं. ड्रायव्हर डोळ्यांचं लपवतो, ऑपरेटर ऐकू येत नाही हे लपवतो. आकडा सांगितल्यावर रोजीरोटी जाणार असेल तर माणूस खरं सांगणार नाही. पुरुषांची तपासणी कामाच्या ठिकाणी करावी असं ज्यांना वाटतं, त्यांनी रिपोर्ट मालकाच्या टेबलावर जाणार नाही याची आधी खात्री द्यावी.

प्रोस्टेट ग्रंथीसाठी करतात त्या पीएसए या रक्ततपासणीबद्दल थोडक्यात. मुलं वडिलांच्या पॅकेजमध्ये ती हौसेनं घालतात. ओळखीतल्या एका चौऱ्याहत्तर वर्षांच्या काकांची ती वाढून आली आणि घरात आठवडाभर चूल थंड होती. निघाली लघवीची लागण आणि वयानं वाढलेली ग्रंथी. पीएसए या दोन्हींत वाढते. अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीनं 2018 मध्ये म्हटलं, की 55 ते 69 या वयात डॉक्टरांशी बोलून, फायदा-तोटा समजून घेऊन ज्यानं त्यानं ठरवावं, आणि सत्तरीनंतर लक्षणं नसताना ती सरसकट करू नये. लघवीला त्रास होत असेल, रक्त जात असेल, तर ती गोष्ट वेगळी, तिथं थेट डॉक्टरकडं जायचं. कॅन्सरचे 'मार्कर' म्हणून विकल्या जाणाऱ्या बाकीच्या तपासण्या लक्षणं नसलेल्या माणसानं स्वतःहून करून घेऊ नयेत, हे माझं ठाम मत आहे.

झोप लागते का, हा प्रश्नही पॅकेजमध्ये नाही. अवकाळी पावसानं मणी तडकतात, व्यापारी दर पाडतो किंवा चेक वटत नाही, बँकेची नोटीस येते, आणि माणूस जेवायला बसतो पण बोलत नाही. बीपी तपासणाऱ्यानं त्या दोन मिनिटांत विचारावं: गेल्या पंधरा दिवसांत कशातच मन लागत नाही असं झालंय का? उदास, हताश वाटतंय का? डॉक्टर जे दोन प्रश्न सुरुवातीला विचारतात ते हेच. केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही सेवा ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे. 14416 वर फोन लावला तर चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलता येतं. हा नंबर मी लॅबच्या काउंटरवर चिकटवलाय. लोक वाचत नाहीत असं दाखवतात आणि मग मोबाईलमध्ये फोटो काढून नेतात.

आमच्या जिल्ह्यात दवाखान्यांची वाण नाही. मिरजेला आरोग्यपंढरी म्हणतात. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी 1894 मध्ये तिथं मिशनचं हॉस्पिटल उघडलं तेव्हापासून कर्नाटकातून माणसं रेल्वेनं येतायत. सरकारी मेडिकल कॉलेज आहे, हृदयाची, कॅन्सरची मोठी रुग्णालयं आहेत. आजारी पडल्यावर कुठं जायचं हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत. आजारी पडायच्या आधी कुठं जायचं, याचं उत्तर गावात आहे आणि ते पुरुषांना माहीत नाही. तिशीपुढच्या प्रत्येकाची बीपी, शुगर आणि तोंडाची तपासणी सरकारी कार्यक्रमात फुकट आहे, प्राथमिक आरोग्य केंद्रात, उपकेंद्रात. 2023 साली राज्यानं 'निरोगी आरोग्य तरुणाईचे, वैभव महाराष्ट्राचे' या नावानं अठरा वर्षांवरच्या पुरुषांसाठी मोहीमही काढली होती. मोहीम संपते. आशाताई मात्र वर्षभर असतात.

माझी चुलतबहीण आमच्या गावात आशा सेविका आहे. घरोघर जाऊन ती एक फॉर्म भरते: वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, व्यायाम, घरात कुणाला बीपी-शुगर. प्रत्येकाला गुण, चारच्या वर गेले की तपासणीला आधी धाडायचं. ती जाते सकाळी अकराला. पुरुष तेव्हा बागेत. उत्तरं त्यांच्या बायका देतात. "तंबाखू? न्हाई बाई, आता सोडलीया त्यांनी." तो गडी त्याच वेळी बांधावर बसून चुना मळत असतो. टेप तर लावताच येत नाही. कागदावर गावातले निम्मे पुरुष निर्व्यसनी आणि नव्वदच्या आत.

तिला मी लॉस एंजेलिसची गोष्ट सांगितली होती. तिथं कृष्णवर्णीय पुरुषांत बीपीचं प्रमाण मोठं आणि दवाखान्यात जाणं कमी. संशोधकांनी 52 सलूनमधली 319 माणसं घेतली. काही दुकानांत न्हाव्यानं गिऱ्हाइकाला फक्त डॉक्टरकडं जायला सांगायचं, काहींत औषधतज्ज्ञच दुकानात येऊन बीपी मोजणार आणि गोळ्या सुरू करणार. 2018 साली निकाल आला. सहा महिन्यांत दुकानातच औषध मिळालेल्यांचं वरचं बीपी सरासरी 27 नं उतरलं, नुसता सल्ला मिळालेल्यांचं 9 नं. माणूस जिथं आपणहून येऊन बसतो तिथं जावं, आणि नुसतं सांगून थांबू नये, या दोन्ही गोष्टी त्यात आहेत.

आमच्या गावात पुरुष आपणहून जमतात ती जागा म्हणजे दूध डेअरी. बहिणीनं चेअरमनना विचारून तिथं एक खुर्ची आणि टेबल मांडलं. तरुण मंडळानं गणपतीच्या वर्गणीतून दंडाला लावायचं मशीन घेतलं. कॅन मापाला लावायचा, पाच मिनिटं खुर्चीत गप्प बसायचं, मग पट्टा. आकडा कार्डावर लिहायचा, तारखेसह, कार्ड ज्याचं त्याच्याकडं. पहिले काही दिवस लोक एकमेकांकडं बघत उभे राहिले. मग सरपंच बसले, त्यांच्यामागं बाकीचे. दादाही बसला. त्याचा आकडा वेगवेगळ्या दिवशी दीडशेच्या पुढंच राहिला, तेव्हा आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी गोळी सुरू केली. महिन्याभरानं आकडा खाली आला आणि त्यानं गोळी थांबवली, "नॉर्मल आलंय की आता." हे फक्त दादाचं नाही, जवळजवळ प्रत्येकाचं. आकडा गोळीमुळं खाली आलाय, गोळी सोडली की परत चढणार, हे बहिणीला रोज नव्यानं समजावून सांगावं लागतं. त्यासाठी ती आता कार्डाच्या मागं गोळ्या संपायची तारीख लिहिते आणि दोन दिवस आधी डेअरीतच आठवण करते. आरोग्य केंद्रात त्या दिवशी गोळ्यांचा साठा असायला हवा, ही पुढची लढाई. तिथंच सगळं अडतं.

तोंडाची तपासणी डेअरीत नको, असं चेअरमन म्हणाले. लोक लाजतात, आणि गर्दीत कुणी 'आ' करणार नाही. त्यांचं बरोबर आहे. मी एसटी स्टँडजवळच्या कटिंगच्या दुकानाचं सुचवलंय. तिथं उजेड आहे, आरसा आहे, आणि माणूस मान मागं टाकून बसलेलाच असतो. दुकानदार तयार आहे, मंगळवार सोडून कुठलाही दिवस चालेल म्हणाला. डेंटल कॉलेजच्या शिबिराची तारीख मिळाली की बहीण फॉर्म घेऊन तिथं बसणार आहे, आणि ऑक्टोबर छाटणी सुरू व्हायच्या आधी ती मिळावी म्हणून मी मागं लागले आहे. एकदा छाटणी सुरू झाली की दोन महिने कुणी केसही कापायला येत नाही.